त्रेपन्न क्रमांकाची बाटली

शास्त्रज्ञानें शोध लावावा आणि तो लोकांना पटवून देण्याचें काम दुसऱ्या कोणीं तरी करावें, अशी आपली एक सोईस्कर समजूत आहे. ज्या संशोधनाचा संबंध लोकांच्या शरीराशीं येतो त्याच्या बाबतींत ती टिकत नाहीं. लस कितीहि गुणकारी असो, समोरच्या माणसानें दंड पुढें केल्याखेरीज तिचा उपयोग शून्य. आणि दंड पुढें करण्यापूर्वीं तो माणूस कोष्टकें वाचीत बसत नाहीं, तो गोष्ट ऐकतो. मुंबईच्या प्लेगाचा इतिहास चाळतांना मला हें पुनःपुनः जाणवलें.

1896 च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेगचे रोगी ओळखले. पुढील कांहीं महिन्यांत लाखों लोक शहर सोडून गेले. सरकारजवळ या वेळीं लोकांना सांगण्यासारखें कांहीं नव्हतें. हुकूम मात्र पुष्कळ होते. तेव्हां सांगण्याचें काम अफवांनीं आपल्याकडे घेतलें. रुग्णालयांत नेलेल्या माणसाच्या देहांतून मोमियाई काढतात, ही त्यांतलीच एक. ऑक्टोबरांत गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली. आपण सुशिक्षित लोक या अफवांना हंसतों. पण ज्याच्या घरचें माणूस गाडींत घालून नेलें आणि परत आलें नाहीं, त्याला त्या अफवेनें निदान एक कारण तरी पुरविलें होतें! पुण्यांत सोजिरांकडून झालेले घरांचे झाडे आणि 22 जून 1897 रोजीं रँडवर झाडलेली गोळी हा भाग वाचकांस परिचित आहेच.

याच सुमारास मुंबईंत वाल्डेमार हाफकिन आले. 1860 सालीं ओडेसा येथें एका ज्यू कुटुंबांत जन्मलेले हे गृहस्थ पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत काम करून 1893 सालीं पटकीची लस घेऊन हिंदुस्थानांत आले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांना लहानशी जागा मिळाली. तेथें मांसरसानें भरलेल्या चंबूंत त्यांनीं तुपाचे थेंब सोडले. त्या तरंगणाऱ्या तुपाच्या खालीं प्लेगचे जंतु झुंबराच्या लोलकांप्रमाणें लोंबत वाढूं लागत. मग ते उष्णतेनें मारून त्यांची लस होई. रस बोकडाच्या मांसाचा असे. गाय व डुक्कर ही दोन्ही टाळल्यामुळें हिंदु किंवा मुसलमान कोणासच धर्माच्या नांवानें हरकत घेण्याचें कारण उरलें नाहीं. प्रयोगशाळेच्या चंबूजवळ उभें राहून दंड पुढें करणाऱ्या माणसाचा विचार करणारा शास्त्रज्ञ मला फार मोलाचा वाटतो.

10 जानेवारी 1897 रोजीं हाफकिन यांनीं ती लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. मात्रा मोठी होती. ताप चढला, वेदना झाल्या, पण अपाय झाला नाहीं. त्यानंतर स्वयंसेवक पुढें आले. जानेवारी संपण्यापूर्वीं भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला, तेव्हां जे कैदी राजीखुशीनें तयार झाले त्यांनाच टोंचण्यांत आलें. बाकीच्यांची तुलना त्यांच्याशीं आपोआपच झाली. खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनीं आपल्या अनुयायांदेखत स्वतःस टोंचून घेतलें, तेव्हां हजारों खोजे त्यांच्या मागोमाग आले. हुकुमानें जें साधलें नाहीं तें एका उघड्या दंडानें साधलें.

बडोद्याजवळच्या उंढेरा गांवची हकीकत तर मला सर्वांत बोलकी वाटते. 1898 च्या आरंभीं तेथें प्लेग असतां हाफकिन यांनीं प्रत्येक घरांतील निम्मीं माणसें टोंचलीं व निम्मीं तशींच ठेविलीं. आजच्या नीतिकल्पनेला हें कठोर वाटेल, आणि तें कठोर होतेंहि. पुढें ज्या घरांत प्लेग शिरला त्यांतील टोंचलेल्या 71 जणांपैकीं 3 दगावले. न टोंचलेल्या 64 जणांपैकीं 26. हीं माणसें एकाच छपराखालीं राहणारीं, एकाच विहिरीचें पाणी पिणारीं. हा आंकडा समजण्यास गणित लागत नाहीं. ती एका घरांतल्या दोन भावांची गोष्ट आहे. आणि टोंचूनहि तीन माणसें गेलीं, हें त्यांनीं लपविलें नाहीं, हेंहि मला तितकेंच महत्त्वाचें वाटतें.

1899 सालीं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली. एवढ्यावर ही हकीकत संपती तर शाळेच्या क्रमिक पुस्तकांत शोभली असती. पण 30 ऑक्टोबर 1902 रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं 107 जणांना लस टोंचली, आणि त्यांतील 19 जण धनुर्वातानें मेले. हे एकोणीसहि जण एकाच, 53 क्रमांकाच्या बाटलींतून टोंचलेले होते. चौकशी समितीनें दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेविला व हाफकिन यांना पदावरून दूर व्हावें लागलें.

बाटली उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करतां त्याच चिमट्यानें बूच काढलें होतें, ही गोष्ट चौकशींतच नोंदलेली होती. शिवाय ती लस टोंचणाऱ्या डॉक्टराला दुर्गंधी आली नव्हती. धनुर्वाताचे जंतु मुंबईपासूनच बाटलींत वाढत आले असते तर ती खात्रीनें आली असती. तरीहि मुंबईंतच विष भरलें ही कहाणी पांच वर्षें टिकली. 29 जुलै 1907 रोजीं लंडनच्या 'टाइम्स'मध्यें रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक नामांकित शास्त्रज्ञांचें पत्र प्रसिद्ध झालें, तेव्हां कोठें हाफकिन यांच्यावरील ठपका निघाला. ते हिंदुस्थानांत परतले, पण मुंबईस नव्हे, कलकत्त्यास. आणि 1914 सालीं निवृत्त झाले. 1925 सालीं परळच्या संस्थेस त्यांचें नांव देण्यांत आलें, व 1930 सालीं स्वित्झर्लंडमध्यें लोझान येथें ते वारले.

परळला त्यांचें नांव आजहि आहे. मुल्कोवालच्या त्या एकोणीस घरांना मात्र त्या चिमट्याची हकीकत कोणी जाऊन सांगितली असेल असें मला वाटत नाहीं. 'टाइम्स' तेथें येत नव्हता.