ऑपरेशन कुणाचं?

आमच्या दापोडीत एखाद्या बाईबद्दल नुसतं "तिचं ऑपरेशन झालं" असं म्हटलं, की कसलं ऑपरेशन हे कुणी विचारत नाही. अपेंडिक्सचं असेल तर तसं सांगतात, मोतीबिंदूचं असेल तर तसं. पण नुसतं 'ऑपरेशन' म्हणजे कुटुंबनियोजनाचं. आणि ते बाईचंच. दुसरं बाळंतपण झालं की आई आणि सासू मिळून ठरवतात, नवरा फॉर्मवर सही करतो, आणि विषय संपतो. नवऱ्याचंही ऑपरेशन होऊ शकतं, हे त्या खोलीतल्या कुणाच्या डोक्यातही येत नाही.

आता मी हे लिहितोय म्हटल्यावर आमच्या नात्यातली काही मंडळी कपाळाला हात लावणार, ह्याची कल्पना आहे. पण मला ह्या विषयातला इतिहास सांगायचाय. कारण "आपल्याकडे पुरुष कधी तयार होणारच नाहीत, आपली संस्कृतीच तशी" असं जे सगळे (आणि सगळ्या) ठामपणे म्हणतात, ते इतिहासाला धरून नाही.

आधी आजचं चित्र. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांची नसबंदी झालेली होती. नवऱ्याची नसबंदी झालेली जोडपी होती ०.३ टक्के. आपल्या महाराष्ट्रात तर बायकांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे आणि पुरुषांचं अर्धा टक्कासुद्धा नाही. निरोध वापरणारे देशात साडेनऊ टक्के. आधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीत पुरुषांना विचारलं होतं, की गर्भनिरोधन ही बायकांची बाब आहे, पुरुषाने त्यात डोकं घालायची गरज नाही, हे पटतं का? ३७ टक्के पुरुष हो म्हणाले. पण म्हणजे बाकीचे बहुतेक जण नाही म्हणाले! तोंडाने 'ही आमचीही जबाबदारी' म्हणणारे पुष्कळ आणि ऑपरेशनच्या टेबलावर जाणारे हजारात तीन. मधे काहीतरी घडलंय.

आता जरा मागे जाऊ. ह्या विषयाची सुरुवात आपल्याकडे झाली ती एका गणिताच्या प्राध्यापकाने. रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी दवाखाना काढला तोही १९२१ मध्येच. म्हणजे ह्या बाबतीत आपण जगाच्या मागे वगैरे नव्हतो. ह्या कामापायी १९२५ मध्ये कर्व्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. मूल होऊ द्यायचं नाही असं त्यांनी आणि मालतीबाईंनी ठरवलं होतं, आणि ते पाळलं. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, पण लोकांना लैंगिक विषयावर माहिती मिळालीच पाहिजे ही भूमिका बाबासाहेबांनी सोडली नाही. पुढे नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला. पी. जे. रोहम ह्यांनी तो मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलं होतं. ठराव पडला.

त्या काळात विरोधही साधासुधा नव्हता. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी साधनांना ठाम नकार दिला. लोकसंख्या मर्यादित राहावी हे त्यांनाही मान्य होतं, पण त्यांचा उपाय एकच, संयम. गंमत बघा, गांधीजी आणि कर्वे म्हणजे ह्या विषयातली दोन टोकं. पण बाईवर लादलेलं बाळंतपण हा अन्याय आहे, हे दोघांनाही दिसत होतं. एकाने पुरुषाला सांगितलं, स्वतःला आवर. दुसऱ्याने सांगितलं, साधन वापर. दोघांच्याही बोलण्यात पुरुष होता. तो गायब झाला पुढे, सरकार ह्या विषयात उतरल्यावर. पण लगेच नाही.

सरकार उतरलं १९५२ मध्ये. सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू करणारा भारत हा जगातला पहिला देश. आणि ह्या कार्यक्रमाची पहिली २०-२५ वर्षं पाहिली तर थक्क व्हायला होतं. कारण त्या काळात 'ऑपरेशन' म्हणजे पुरुषाचं ऑपरेशन! १९६७-६८ ह्या एका वर्षात देशात १८ लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यातल्या दहापैकी जवळजवळ नऊ पुरुषांच्या होत्या. कारण अगदी व्यवहारी होतं. पुरुषाचं ऑपरेशन सोपं. वीर्यवाहिनी त्वचेच्या अगदी खाली असते, जागेवर भूल देऊन काही मिनिटांत ती कापून बांधता येते. बाईच्या बाबतीत पोट उघडावं लागायचं, भूल मोठी, दिवस जास्त, जोखीम जास्त.

ह्यात महाराष्ट्र आघाडीवर होता. गावोगाव नसबंदीची शिबिरं भरत होती. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या कुमुदिनी दांडेकर ह्यांनी 'महाराष्ट्रातील नसबंदी शिबिरे' ह्या विषयावर लिहिलेला अभ्यास १९६३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला होता. म्हणजे आपल्या ह्या पुण्याच्या परिसरातला शेतकरी पुरुष शिबिरात जाऊन ऑपरेशन करून घेतो, ही तेव्हा अभ्यासण्याजोगी, आकड्यांत मांडण्याजोगी गोष्ट होती. मुंबईत महापालिकेचे डॉ. डी. एन. पै ह्यांनी तर साठच्या दशकाच्या अखेरीस गर्दीच्या रेल्वे स्टेशनांवरच नसबंदी केंद्रं थाटली. कामावरून सुटलेला माणूस लोकल पकडायच्या आधी ऑपरेशन करून जायचा. आज दापोडी स्टेशनवर असं काही सुरू केलं तर काय होईल, कल्पना करा!

१९६८ मध्ये निरोध आला. १५ पैशांना तीन. सरकारने तो विकायचं काम चहा, साबण, सिगारेट विकणाऱ्या बड्या कंपन्यांवर सोपवलं, कारण त्यांची माणसं खेड्यातल्या पानाच्या टपरीपर्यंत पोचत होती. लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर आला. माझ्या पिढीने हायवेच्या कडेला अक्षरं जुळवत वाचायला शिकताना 'हम दो हमारे दो' वाचलेलं आहे, आणि त्याचा अर्थ मोठ्या माणसांना विचारून गप्प बसवूनही घेतलेलं आहे.

मग सगळं उलटं कसं झालं?

१९७५ मध्ये आणीबाणी आली. एप्रिल १९७६ मध्ये केंद्राने लोकसंख्या धोरण जाहीर केलं आणि सक्तीचा कायदा करायला राज्यांना मोकळीक दिली. ती मोकळीक सगळ्यात आधी घेतली आपल्या महाराष्ट्राने. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९७६ मध्येच, तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न आल्यामुळे तो कायदा अमलात आला नाही, हे आपलं नशीब. पण कायद्याविनाही सक्ती होतच होती. जानेवारी १९७६ मध्ये बार्शीत रस्त्यावरून माणसं पकडून नेऊन नसबंद्या केल्याच्या तक्रारी झाल्या. कर्मचाऱ्यांना कोटे ठरवून दिले होते, इतक्या 'केसेस' आणा नाहीतर पगार अडेल. १९७६-७७ ह्या वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांच्या.

मार्च १९७७ मध्ये सरकार पडलं. जनता सरकारने खात्याचं नावच बदललं, 'नियोजन' जाऊन 'कल्याण' आलं. पुढच्या वर्षी एकूण नसबंद्या दहा लाखांच्या आत आल्या आणि पुरुषांच्या दोन लाखांच्याही खाली. त्या धक्क्यातून पुरुष नसबंदी पुन्हा उठलीच नाही.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. इथेच ती थांबवली, तर सगळा दोष आणीबाणीवर ढकलून मोकळं होता येतं. पण मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

उद्दिष्टं रद्द झाली नव्हती. ती १९९६ पर्यंत चालूच राहिली. आकडे तर भरायचे होते, आणि पुरुषाला हात लावायची कुठल्याही राजकारण्याची हिंमत नव्हती. मग आकडे कुठून आणायचे? बायकांकडून. दुर्बिणीची शस्त्रक्रिया ह्याच सुमारास पसरली, त्यामुळे एका दिवसात पुष्कळ बायकांची ऑपरेशनं उरकता येऊ लागली. घरोघर जाणारी नर्सताई बायकांशीच बोलणार. बाई बाळंतपणासाठी दवाखान्यात आयती येते, तिथेच तिला गाठता येतं. पुरुषाला गाठायला कोण जाणार? १९७६ मध्ये पुरुष चिडला तेव्हा सरकार पडलं. बायकांच्या शिबिरांनी कुठलंही सरकार पडलं नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात अशाच शिबिरांनंतर डझनाहून अधिक बायका दगावल्या. एका शिबिरात काही तासांत ८३ ऑपरेशनं केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये शिबिरांची ही पद्धत तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. तोवर चाळीस वर्षं लोटली होती.

म्हणजे "बाईचंच ऑपरेशन" ही काही आपली पुरातन परंपरा नाही मंडळी. ती जेमतेम १९७७ नंतरची, सरकारी सोयीने पडलेली रीत आहे. आपण मात्र तिला संस्कृती म्हणतो. माझ्या आजोबांच्या वयाच्या कितीतरी शेतकऱ्यांची नसबंदी झालेली होती, आणि त्यांचे नातू "आपल्यात नाही चालत" म्हणतात!

आता थोडं घरचं. आमच्याकडे ऑपरेशन माझं झालं आहे, २००९ साली. काही नातेवाईकांना हे आत्ताच कळत असेल, तर कळू दे. बायकोची दोन्ही बाळंतपणं सिझेरियन झाली होती. तिच्या पोटावर तिसऱ्यांदा सुरी कशाला, इतका साधा हिशोब होता. बिनटाक्याच्या पद्धतीत सुरी लागतच नाही, एक बारीकसं छिद्र पाडतात, टाकेही नसतात. ही पद्धत ली शुनचियांग नावाच्या चिनी डॉक्टरांनी १९७४ मध्ये काढली. मला वेळ लागला वीसेक मिनिटं. दोन दिवस घरी, आठवडाभर जड उचलायचं नाही. तीन महिने दुसरं साधन वापरायचं, मग तपासणी. अनेकांना हे माहीत नसतं आणि मग 'ऑपरेशन फसलं' म्हणतात. पुरुषी हार्मोन रक्तातून जातं, त्या नळीतून नाही, त्यामुळे ताकद, दाढीमिशी, इच्छा, कशालाही धक्का लागत नाही.

पण वैद्यकीय भाग सोपा होता. दवाखान्यातल्या बाईंनी तीनदा विचारलं, "मिसेसचं का नाही करत?" आणि सगळ्यात जास्त विरोध केला तो घरातल्या बायकांनी. "तो कमावता आहे, त्याला काही झालं तर?" हा प्रश्न माझ्या आईचा होता. तिच्या पिढीत नवऱ्याचं शरीर म्हणजे घराचं उत्पन्न. आमच्या दापोडीत एसटीच्या वर्कशॉपमध्ये, खडकीच्या कारखान्यात, पिंपरीच्या कंपन्यांत अंगमेहनत करून घरं चालली आहेत, तेव्हा ती भीती मला मूर्खपणाची वाटत नाही. पण त्या हिशोबात बाईची मेहनत धरलेलीच नसते. धुणं, पाणी, स्वयंपाक, आणि आता तर तिचीही नोकरी. तिने जड उचलायचं नाही म्हटलं तर कोण उचलणार, हे कुणी विचारत नाही.

पुढे काय? आयआयटी खरगपूरचे डॉ. सुजय गुहा सत्तरच्या दशकापासून पुरुषांसाठी एका इंजेक्शनवर काम करत आले आहेत. ते वीर्यवाहिनीतच द्यायचं. ३०३ पुरुषांवर झालेल्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते चांगले आहेत. पण नवं साधन आलं की सवयी आपोआप बदलतात, ह्यावर माझा फारसा विश्वास नाही. निरोध आपल्याकडे येऊन अर्धशतक उलटून गेलं, आणि तो मागताना आजही आधी दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही ना, हे बघितलं जातं.

मला कर्व्यांकडे परत जावंसं वाटतं ते ह्यामुळे. त्यांच्या लिहिण्यात 'देशाची लोकसंख्या' होती, पण तिच्याआधी होती एक बाई, जिला आणखी एक बाळंतपण नको होतं. सरकारने तो क्रम उलटा केला. आधी आकडा, मग माणूस. आकड्याला कुणाचंही शरीर चालतं. १९७६ मध्ये पुरुषाचं चाललं, नंतर बाईचं. नवराबायकोने समोरासमोर बसून "ह्या वेळी कुणाचं शरीर?" असं एकमेकांना विचारणं, हे कुठल्याच सरकारी कोट्यात बसत नाही.

असो. तुमच्यापैकी कुणाच्या घरात आजोबा, काका, मामा असतील, ज्यांची त्या जुन्या काळात नसबंदी झाली, राजीखुशीने असो की जबरदस्तीने, तर त्यांना एकदा विचारून बघा. ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना कुणी विचारलेलंच नाही.