ॲड्रेस बुकात कोण कोणाला दिसतं?

आजचा विषय रोजच्या वापरातला आहे, पण त्याचा इतिहास फारसा कुणी सांगत नाही. ऑफिसच्या ईमेलमध्ये 'टू' च्या रकान्यात दोन अक्षरं टाइप केली की नावांची यादी खाली येते. या यादीत कोण दिसावं आणि कोणाला दिसावं, हे कसं ठरत गेलं?

सुरुवात आपल्या धाराशिवपासून करू. जिल्ह्याच्या सरकारी वेबसाइटवर अधिकाऱ्यांची यादी असते. अशा बऱ्याच सरकारी वेबसाइटींवर एक गंमत दिसते. ईमेलमधलं गोल चिन्ह आणि टिंब काढून तिथे कंसात 'ॲट' आणि 'डॉट' असे शब्द लिहिलेले असतात. म्हणजे माणसाला पत्ता वाचता यावा, पण पत्ते गोळा करत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला तो सहज उचलता येऊ नये. दिसायचं तर आहे, पण सगळ्यांना सारखं नाही. आजची सगळी गोष्ट याच ओढाताणीची आहे.

पहिली टेलिफोन डिरेक्टरी निघाली २१ फेब्रुवारी १८७८ ला, अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात. एकच कागद, साधारण ५० नावं आणि नंबर एकही नाही! ऑपरेटरला नाव सांगायचं, तो जोडून द्यायचा. आपल्याकडे मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची एक्स्चेंज १८८२ मध्ये सुरू झाली. छापील पुस्तकाचा नियम सोपा होता. नाव छापलं की ते पुस्तक उघडणाऱ्या प्रत्येकाला दिसणार. अमक्याला दिसावं आणि तमक्याला नको, ही सोय कागदात नव्हती.

कॉम्प्युटर नेटवर्क आलं तेव्हाही सुरुवातीला सगळं उघडंच होतं. १९७१ मध्ये स्टॅनफर्डच्या लेस अर्नेस्ट यांनी 'फिंगर' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. कोण लॉगिन आहे, कुठे बसलाय, सगळं तो सांगायचा. वापरणारे मोजके, एकमेकांच्या ओळखीचे, मग लपवायचं कोणापासून? पण २ नोव्हेंबर १९८८ ला 'मॉरिस वर्म' सुटला आणि त्याने आत शिरायला जी दारं वापरली, त्यातलं एक होतं फिंगर सेवेतली चूक. पुढे बऱ्याच ठिकाणी ही सेवा बंदच झाली.

त्याच १९८८ मध्ये जगभरच्या डिरेक्टरींसाठी 'एक्स-५००' हे प्रमाण आलं. ते फार अवजड होतं. म्हणून १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठात टिम हाउस आणि सहकाऱ्यांनी त्याचा हलका अवतार काढला, तो एलडॅप. आजही असंख्य कंपन्यांची नावांची यादी त्यातूनच विचारली जाते. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टचं एक्स्चेंज सर्व्हर आलं आणि 'ग्लोबल ॲड्रेस लिस्ट', म्हणजे अख्ख्या कंपनीची एकच यादी, घराघरात म्हणतात तशी टेबलाटेबलावर पोचली.

आणि मग फटका बसला, तोही मायक्रोसॉफ्टलाच. १४ ऑक्टोबर १९९७. 'बेडलॅम डीएल-३' नावाच्या ग्रुपमध्ये सुमारे १३ हजार लोक होते. कुणीतरी ग्रुपलाच मेल केला, 'मला यातून काढा'. झालं! 'मलाही काढा', 'मलाही काढा' अशी रांग लागली. कंपनीच्या अंदाजानुसार तासाभरात दीड कोटी मेल आणि १९५ जीबी डेटा सर्व्हरवर आदळला.

त्यानंतर आले व्हायरस. मार्च १९९९ चा 'मेलिसा' प्रत्येक ॲड्रेस लिस्टमधल्या पहिल्या ५० पत्त्यांना स्वतःला पाठवायचा. त्यातला एखादा पत्ता ग्रुपचा असला तर अख्खा ग्रुप गळाला. मे २००० च्या 'आय लव्ह यू' ने तर आउटलुकच्या ॲड्रेस बुकातलं कुणीच सोडलं नाही. पत्ता शोधायची वही आता हल्लेखोराच्या हातातला नकाशा झाली होती.

यावर ॲडमिनकडे आज तीन हत्यारं आहेत. पहिलं, 'यादीतून लपवा' हे बटण. दुसरं, या ग्रुपला फक्त अमुकच लोक मेल करू शकतील, असं बंधन. तिसरं, डिसेंबर २०११ च्या सुमारास एक्स्चेंज २०१० च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये आलेली 'ॲड्रेस बुक पॉलिसी'. समजा, एकाच शिक्षणसंस्थेचं कॉलेज तुळजापुरात आणि शाळा उमरग्यात आहे, सर्व्हर एकच. पॉलिसी लावली की शाळेतल्या मुलांना फक्त त्यांचे शिक्षक दिसतील, कॉलेजचा स्टाफ नाही.

पण एक लक्षात ठेवा, लपवणं म्हणजे कुलूप लावणं नव्हे. यादीतून नाव गेलं तरी पत्ता माहीत असलेल्याचा मेल पोचतोच. लॅपटॉपवर यादीची जुनी प्रत उरते, ती ताजी व्हायला दिवसभर लागू शकतो. आधी कधी मेल केला असेल, तर टाइप करताना ते नाव पुन्हा डोकावतं. खरं संरक्षण हवं असेल, तर दुसरं हत्यार, म्हणजे पाठवणाऱ्यावरचं बंधन, लागतंच.

आता परत धाराशिवला येऊ. कंपनीला नावं लपवायचा हक्क आहे, पण सरकारी ऑफिसचं काय? तिथे कायदा उलटं सांगतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार, प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने अधिकाऱ्यांची आणि कर्मचाऱ्यांची निर्देशिका स्वतःहून जाहीर करायची असते. दुसरीकडे, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातली वैयक्तिक माहितीची सूट आणखी रुंद केली. त्यात कलम ४ मधल्या निर्देशिकेला हात लावलेला नाही. तरीही 'वैयक्तिक माहिती आहे' म्हणून यादीच झाकायचा मोह होऊ शकतो. तसं झालं, तर भूममधल्या ज्या शेतकऱ्याचं सोयाबीन पावसात गेलं, त्याने अर्ज कोणाला पाठवायचा?

मला वाटतं, उत्तर तंत्रात आधीच आहे: पद दाखवा, माणूस झाका. तालुका कृषी अधिकाऱ्याचा पत्ता पदाच्या नावाने असावा आणि सगळ्यांना दिसावा. बदली झाली तरी मेल नव्या माणसाकडे जावा. त्या माणसाचा खासगी मोबाइल, घरचा पत्ता मात्र यादीत नको.

२०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. नाव बदललं तर पत्त्याचं काय होतं? एका मेलबॉक्सला अनेक पत्ते जोडता येतात. नवा पत्ता यादीत ठळक दिसतो, जुना मागे राहतो, पण त्यावर आलेला मेल गुपचूप पोचवत राहतो. जुना पत्ता जपून ठेवलेल्या एखाद्या आजोबांचा अर्ज हरवू नये, एवढं त्यातून साधतं.

तुमच्या ऑफिसात कोणता ग्रुप सगळ्यांना उघडा आहे, ते उद्या ॲडमिनला विचाराच. भेटू पुढच्या भागात!