पोलीस भरतीसाठी धावताय? फिटनेस वाढतोय का, हे पेस आणि हार्ट रेटवरून असं ओळखा

खांडबारा असो वा नवापूर, पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या अनेकांचं लक्ष्य पोलीस भरती असतं. शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत ५० पैकी २० गुण एकट्या धावण्याला आहेत. मुलांना १६०० मीटर, तर मुलींना ८०० मीटर. पण रोज जीव तोडून धावलं म्हणजे तयारी झाली असं नाही.

पेस म्हणजे काय?
एक किलोमीटर धावायला लागणारा वेळ. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत पूर्ण करायचे, तर पेस साधारण ३ मिनिटं १४ सेकंद हवा. म्हणजे ४०० मीटरची प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत.

मग हार्ट रेट कशाला?
पेस वेग सांगतो, हार्ट रेट त्यासाठी शरीराला पडलेले कष्ट. दोन्ही एकत्र पाहा. समजा, आज १५० ठोक्यांवर तुमचा पेस ६:३० आहे. म्हणजे किलोमीटरला ९७५ ठोके. दीड महिन्याने त्याच १५० ठोक्यांवर पेस ६:१० झाला, तर ९२५ ठोके. तेवढ्याच कष्टात वेग वाढला, म्हणजे फिटनेस वाढला.

तुलना करताना रस्ता, वेळ आणि हवामान सारखंच ठेवा. उन्हात हार्ट रेट आपोआप वाढतो. मे महिन्यातला आकडा जानेवारीशी ताडून निराश होऊ नका.

घड्याळ नसेल तर?
थांबल्याबरोबर मनगटावर १५ सेकंद नाडी मोजा आणि चारने गुणा. सकाळी उठल्या उठल्याही नाडी मोजून वहीत लिहा. ती नेहमीपेक्षा सलग काही दिवस जास्त येत असेल, तर थकवा, अपुरी झोप किंवा ताप असू शकतो. अशा वेळी विश्रांती घ्या. '२२० वजा वय' हे कमाल हार्ट रेटचं सूत्र फक्त अंदाजासाठी आहे. प्रत्यक्षात १०-१२ ठोक्यांचा फरक सहज पडतो.

सिकलसेलची तपासणी केली का?
नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. वाहक व्यक्तीला एरवी त्रास नसतो आणि ती धावूही शकते. मात्र उन्हात, पाणी कमी पिऊन, एकदम पूर्ण ताकदीने धावल्यास क्वचित जीवावर बेतू शकतं. याची सूचना हार्ट रेटचा आकडा देत नाही. त्यामुळे सरकारी दवाखान्यात रक्ततपासणी करून घ्या, सराव हळूहळू वाढवा. पायांत अचानक अशक्तपणा, तीव्र वेदना किंवा चक्कर जाणवली, तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा.