घरातील एलईडी दिवे : कोणता दिवा आधी बदलावा?

घरातील साधे बल्ब, ट्यूबलाइट आणि सीएफएल यांच्या जागी एलईडी दिवे लावल्यास प्रकाशासाठी लागणारी वीज मोठ्या प्रमाणात वाचते, हे आता सर्वपरिचित आहे. तथापि, सर्व दिवे एकाच दिवशी बदलण्याची आवश्यकता नसते. काही दिव्यांचा खर्च दोन महिन्यांत भरून निघतो, तर काहींचा अनेक वर्षांतही निघत नाही. हा फरक दोन गोष्टींवर अवलंबून असतो: जुना दिवा किती वॅटचा आहे आणि तो दिवसाकाठी किती तास जळतो. या दोहोंचा हिशेब, नवा दिवा निवडताना पाहावयाच्या बाबी आणि जुन्या दिव्यांची विल्हेवाट यांविषयीची ही माहिती.

एलईडी म्हणजे काय?

साध्या बल्बमध्ये टंगस्टनची बारीक तार तापून लाल-पिवळी होते व प्रकाश देते. त्याला पुरविलेल्या विजेपैकी दहा टक्क्यांहूनही कमी विजेचा प्रकाश होतो. उरलेली वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ट्यूबलाइट आणि सीएफएल यांत पाऱ्याच्या वाफेतून वीज वाहते, अतिनील किरण निर्माण होतात आणि काचेच्या आतील पांढऱ्या लेपावर ते पडले की दृश्य प्रकाश मिळतो.

एलईडी म्हणजे प्रकाश उत्सर्जक डायोड. यात तार तापवावी लागत नाही. अर्धवाहक पदार्थाच्या दोन थरांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा थेट प्रकाशाच्या रूपाने सोडतात. तांबडा प्रकाश देणारा व्यवहारोपयोगी एलईडी अमेरिकेतील निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये तयार केला. पांढऱ्या प्रकाशासाठी मात्र निळ्या एलईडीची गरज होती आणि तो साध्य होण्यास आणखी तीन दशके लागली. इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या शास्त्रज्ञांनी गॅलियम नायट्राइड या पदार्थापासून तेजस्वी निळा एलईडी विकसित केला. त्याबद्दल त्यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. घरातील पांढरा एलईडी दिवा हा मुळात निळा असतो. त्यावरील पिवळसर लेपामुळे निळ्या व पिवळ्या प्रकाशाचे मिश्रण होऊन डोळ्यांना तो पांढरा दिसतो.

भारतातील प्रसार

घरगुती प्रकाशयोजनेत वीजबचत साधण्याचा पहिला मोठा प्रयत्न सीएफएलच्या माध्यमातून झाला. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००९ मध्ये ‘बचत लॅम्प योजना’ सुरू केली. तीत जुना साधा बल्ब परत केल्यास ग्राहकास १५ रुपयांत सीएफएल मिळत असे.

त्यानंतर ५ जानेवारी २०१५ रोजी ‘उजाला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एलईडी कार्यक्रमाचा आरंभ झाला. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतील सार्वजनिक कंपन्यांनी स्थापन केलेल्या एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या कंपनीकडे त्याची अंमलबजावणी सोपविण्यात आली. कंपनीने दिव्यांची एकत्रित, मोठ्या प्रमाणावर खरेदी केली आणि वीज वितरण कंपन्यांच्या साहाय्याने ते ग्राहकांपर्यंत पोहोचविले. फेब्रुवारी २०१४ मध्ये एका एलईडी बल्बची खरेदी किंमत ३१० रुपये होती. २०१६ मध्ये ती ३८ रुपयांपर्यंत खाली आली. या कार्यक्रमांतर्गत देशभरात ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वितरित झाले. मार्च २०२१ मध्ये बिहारमधील आरा येथून सुरू झालेल्या ‘ग्राम उजाला’ योजनेत ग्रामीण कुटुंबांना जुन्या बल्बच्या बदल्यात १० रुपयांत एलईडी बल्ब देण्यात आले.

वॅट आणि तास यांचा हिशेब

विजेचे एक युनिट म्हणजे एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालविण्यास लागणारी वीज. दिव्याचे वॅट, रोजचे तास आणि वर्षाचे ३६५ दिवस यांचा गुणाकार करून एक हजाराने भागल्यास वर्षभराची युनिटे मिळतात. पुढील सर्व उदाहरणांत विजेचा दर प्रतियुनिट ७ रुपये धरला आहे. आपल्या बिलावरील दर घालून वाचकांना हाच हिशेब करता येईल.

बैठकीच्या खोलीतील ६० वॅटचा साधा बल्ब रोज पाच तास जळत असेल, तर त्यास वर्षाला सुमारे ११० युनिटे लागतात. ९ वॅटच्या एलईडीला साधारण १६ युनिटे पुरतात. वर्षाला सुमारे ९३ युनिटे, म्हणजे ६५० रुपये वाचतात. नवा दिवा १०० रुपयांचा धरला तरी त्याची किंमत दोन महिन्यांत वसूल होते.

जुन्या ४० वॅटच्या ट्यूबलाइटला तांब्याच्या तारेचा जड चोक असेल, तर तो चोक स्वतः दहा-बारा वॅट खातो. रोज सहा तास वापर धरल्यास वर्षाला सुमारे ११४ युनिटे लागतात. त्या जागी २० वॅटची एलईडी ट्यूब लावल्यास सुमारे ७० युनिटे, म्हणजे ४९० रुपये वाचतात.

सीएफएलची गोष्ट वेगळी आहे. रोज चार तास जळणारा १५ वॅटचा सीएफएल काढून ९ वॅटचा एलईडी लावल्यास वर्षाला अवघी ९ युनिटे वाचतात. त्याचे मोल साधारण ६० रुपये होते. म्हणून चालू स्थितीतील सीएफएल काढून टाकण्याची घाई करू नये. तो निकामी झाल्यावर त्या जागी एलईडी लावणे योग्य ठरते. अडगळीच्या खोलीत दिवसातून दहा मिनिटे लागणाऱ्या ६० वॅटच्या बल्बलाही वर्षाला चार युनिटांहून कमी वीज लागते. तो सर्वांत शेवटी बदलला तरी चालतो.

दुर्लक्षित राहणारे छोटे दिवे

या हिशेबात सर्वांत अनपेक्षित ठरतो तो ‘झिरोचा बल्ब’. नावात शून्य असले तरी हा रंगीत छोटा बल्ब सामान्यतः १२ ते १५ वॅटचा असतो. जुन्या चकतीच्या मीटरवर एवढ्या अल्प वापराची नोंद नीट होत नसल्याने त्यास हे नाव पडले, असे सांगितले जाते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर मात्र त्याची पूर्ण नोंद होते.

शयनगृहातील १५ वॅटचा असा बल्ब रोज रात्री आठ तास जळत असल्यास वर्षाला सुमारे ४४ युनिटे खर्च होतात. देवघरातील तसाच दिवा अहोरात्र जळत असेल, तर तो आकडा १३१ युनिटांवर जातो. अर्ध्या वॅटच्या एलईडी दिव्याला याच कामासाठी वर्षाला साडेचार युनिटांहून कमी वीज लागते. म्हणजे देवघरातील एका लहानशा दिव्याच्या बदलाने बैठकीच्या खोलीतील मोठ्या बल्बपेक्षा अधिक, सुमारे ८९० रुपयांची बचत होते.

गृहनिर्माण संस्थांमधील जिना, वाहनतळ आणि फाटकावरील दिवे याच वर्गात मोडतात. रोज बारा तास जळणारी चोकची जुनी ट्यूब बदलल्यास प्रत्येक ट्यूबमागे वर्षाला सुमारे १४० युनिटे वाचतात. संस्थेत अशा दहा ट्यूब असतील, तर बचत १४०० युनिटांच्या घरात जाते.

येथे आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. बहुतेक राज्यांत घरगुती विजेचे दर वापराच्या टप्प्यांनुसार वाढत जातात. वाचलेली युनिटे सर्वांत वरच्या, म्हणजेच महाग टप्प्यातून कमी होतात. त्यामुळे बचतीचा हिशेब सरासरी दराने न करता बिलातील शेवटच्या टप्प्याच्या दराने करावा.

खरेदी करताना काय पाहावे?

साध्या बल्बच्या काळात वॅट हेच प्रकाशाचे माप मानले जाई. वस्तुतः वॅट हे विजेच्या वापराचे माप असून प्रकाशाचे माप ल्युमेन आहे. ६० वॅटचा साधा बल्ब साधारण ७०० ल्युमेन प्रकाश देतो. तेवढ्यासाठी ७ ते ९ वॅटचा एलईडी पुरेसा असतो. ४० वॅटच्या जागी ४ ते ५ वॅट आणि १०० वॅटच्या जागी १२ ते १४ वॅट असे स्थूल प्रमाण धरता येते. दोन एलईडी दिव्यांपैकी एकाची निवड करताना आवरणावरील ल्युमेनच्या आकड्यास वॅटने भागावे. भागाकार जितका मोठा, तितका दिवा अधिक कार्यक्षम.

आवरणावर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारांकित चिन्हही एलईडी दिव्यांसाठी २०१८ पासून बंधनकारक आहे. ही चिन्हे नसलेला दिवा स्वस्त असला तरी टाळावा. त्यातील विद्युत भाग नीट झाकलेला नसल्यास विजेचा धक्का बसण्याचा धोका संभवतो.

प्रकाशाचा रंग केल्विन या एककात दिलेला असतो. २७०० ते ३००० केल्विनचा प्रकाश जुन्या बल्बसारखा पिवळसर असतो आणि शयनगृहास शोभतो. ४००० केल्विनचा प्रकाश स्वयंपाकघर व अभ्यासाच्या टेबलासाठी सोयीचा ठरतो. ६५०० केल्विनचा प्रकाश निळसर पांढरा असतो. रात्री झोपण्यापूर्वी दीर्घकाळ असा निळसर प्रखर प्रकाश घेतल्यास झोप लागण्यास विलंब होऊ शकतो. वस्तूंचे रंग कितपत खरे दिसतात हे दर्शविणारा निर्देशांकही आवरणावर असतो. घरासाठी तो ८० किंवा अधिक असावा.

बसविताना घ्यावयाची काळजी

पिनच्या आणि आट्यांच्या अशा दोन्ही होल्डरसाठी एलईडी बल्ब मिळतात. खरेदीपूर्वी आपला होल्डर पाहून घ्यावा. ट्यूबच्या बाबतीत काही एलईडी नळ्यांना चोक व स्टार्टर काढून थेट वीज द्यावी लागते. हे काम जोडणीचा आराखडा पाहून वायरमनकडूनच करून घ्यावे. पट्टीसह येणारी संपूर्ण एलईडी ट्यूब बसविणे तुलनेने सोपे असते.

प्रकाश कमी-जास्त करणारे बटण असलेल्या ठिकाणी त्यासाठी योग्य असल्याची नोंद असलेलाच एलईडी लावावा. अन्यथा तो लुकलुकतो व लवकर बिघडतो. बटण बंद केल्यावरही एलईडी मंद जळत राहिल्यास दोन कारणे संभवतात. बटणावर छोटा सूचक दिवा असेल, तर त्यातून वाहणारी अत्यल्प वीजही एलईडीस पुरते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे: बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेवर जोडलेले असू शकते. अशा जोडणीत बटण बंद असतानाही होल्डरमध्ये विजेचा दाब राहतो. ती तत्काळ दुरुस्त करून घ्यावी.

आयुष्य किती?

साधा बल्ब सुमारे १००० तास टिकतो, तर एलईडी दिव्यांवर बहुधा १५ हजार ते २५ हजार तासांचे आयुष्य नमूद केलेले असते. प्रत्यक्षात अनेक दिवे त्यापूर्वीच बंद पडतात. अशा वेळी प्रकाश देणारा डायोड बहुधा शाबूत असतो आणि त्यास योग्य वीज पुरविणारे आतील मंडल निकामी झालेले असते. उष्णता हे त्याचे प्रमुख कारण. पूर्ण बंद काचेच्या गोळ्यात किंवा हवा खेळत नसलेल्या छताच्या खाचेत लावलेला दिवा लवकर बिघडतो. विजेच्या दाबातील चढउतारही त्यास मारक ठरतात. दाब सतत बदलणाऱ्या भागात अधिक व्यापक दाबमर्यादेत चालणारा दिवा निवडावा. ही मर्यादा आवरणावर छापलेली असते.

खरेदीची पावती जपून ठेवावी आणि दिवा बसविल्याची तारीख त्याच्या बुडाशी पेनने लिहावी. हमीच्या मुदतीत तो बंद पडल्यास बदलून मिळू शकतो आणि बचतीचा हिशेबही चुकत नाही.

भारनियमन असलेल्या भागांत आणखी एक लाभ मिळतो. ६० वॅटच्या चार बल्बना २४० वॅट लागतात, तर ९ वॅटच्या चार एलईडींना ३६ वॅट. इन्व्हर्टरची तीच बॅटरी त्यामुळे कितीतरी अधिक वेळ पुरते.

जुन्या दिव्यांची विल्हेवाट

सीएफएल आणि ट्यूबलाइट यांत अल्प प्रमाणात पारा असतो. पाऱ्यावरील आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानुसार हे दिवे टप्प्याटप्प्याने बाद करण्याचे ठरले असून भारताने २०१८ मध्ये त्या करारास मान्यता दिली आहे. निकामी झालेले असे दिवे घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्राकडे द्यावेत.

घरात सीएफएल फुटल्यास खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटे खोलीबाहेर राहावे. मुलांना दूर ठेवावे. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. तुकडे जाड कागदाने गोळा करावेत, बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत आणि सर्व काही झाकणाच्या बरणीत बंद करावे. एलईडी दिव्यात पारा नसला तरी त्यात इलेक्ट्रॉनिक भाग असल्याने तोही ई-कचराच होय.

सारांश, घरातील दिव्यांची एक यादी करून प्रत्येकासमोर वॅट आणि रोजचे तास लिहावेत. ज्यांचा गुणाकार मोठा, ते दिवे आधी बदलावेत: अहोरात्र जळणारे छोटे दिवे, रोजच्या वापरातील साधे बल्ब, त्यानंतर जड चोकच्या ट्यूब. चालू सीएफएल निकामी होईपर्यंत वापरावेत. या क्रमाने गेल्यास पहिल्या दिव्यांतून वाचलेल्या पैशांतच पुढील दिव्यांची खरेदी होऊ शकते.