यॉर्कची माती आणि आमच्या घरचा सॉफ्टनर

शाळेच्या पुस्तकात 'दुष्फेन' आणि 'सुफेन' पाणी असे दोन शब्द होते, आठवतात? मार्क मिळवून आपण ते विसरलो. माझ्या आईने मात्र ते शब्द कधीच वापरले नाहीत. ती म्हणायची, "पाणी जड आहे, डाळ शिजत नाही." आमच्या सोलापूरच्या घरी बोअरचं पाणी. साबणाला फेस नाही, गिझरच्या कॉइलवर बोटभर पांढरा थर, आणि नळाच्या जाळ्या दर महिन्याला व्हिनेगरमध्ये भिजत पडलेल्या. म्हणून बाबांनी पाच वर्षांपूर्वी सॉफ्टनर बसवला. गेल्या उन्हाळ्यात तो बंद पडला. म्हणजे पाणी येत होतं, पण जड ते जडच.

सर्व्हिसवाले दादा आले, व्हॉल्व्ह दोनदा फिरवला आणि म्हणाले, "रेझिन मेलं. सगळं बदलावं लागेल." आकडा ऐकून बाबांनी मला फोन केला. मी रसायनशास्त्रात पीएचडी करते, त्यामुळे घरातल्या मिक्सरपासून सॉफ्टनरपर्यंत सगळ्यावर माझं मत असावं अशी अपेक्षा असते. आणि मी काय सांगितलं? "हो बाबा, पाच वर्षं झाली ना, मेलं असेल." एकही चाचणी न करता. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचा धागा तोच आहे.

आता थोडं मागे जाऊ. बरंच मागे, आणि पाण्याकडे नाही, शेणखताकडे.

१८४०च्या दशकात इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा एक जमीनदार, एच. एस. थॉम्पसन, एका साध्या काळजीत होता. खताच्या ढिगातला अमोनिया पावसात वाहून जात असेल का? १८४५मध्ये त्याने यॉर्कमधल्या स्पेन्स नावाच्या औषधविक्रेत्याकडून एक प्रयोग करून घेतला. काचेच्या नळीत माती भरली, वरून अमोनियम सल्फेटचं द्रावण ओतलं आणि खाली काय येतं ते तपासलं. खाली अमोनियम सल्फेट यायला हवं होतं. आलं कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम! मातीने अमोनिया ठेवून घेतला आणि बदल्यात स्वतःकडचं कॅल्शियम सोडलं.

इथे जरा थांबा. गाळणीतून गाळलं आणि मैल वर राहिला असा हा प्रकार नाही. विरघळलेली वस्तू द्रावणातून गेली आणि तिच्या जागी दुसरी विरघळलेली वस्तू आली. तुमच्या सॉफ्टनरमध्ये होतं ते हेच. फक्त तिथे आत जातं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, बाहेर येतं सोडियम.

थॉम्पसनने ही गोष्ट १८४८मध्ये जे. थॉमस वे यांना सांगितली. वे हे रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे सल्लागार रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी या एका निरीक्षणाचा पिच्छा पुरवला आणि १८५० व १८५२ साली सोसायटीच्या नियतकालिकात दोन लांबलचक निबंध छापले. संशोधनाची तयारी करत असाल तर हे निबंध जरूर शोधून वाचा. वे एकेक शक्यता कशी बाद करत जातात ते पाहण्यासारखं आहे. वाळूमुळे होतं का? नाही. सेंद्रिय पदार्थामुळे? नाही. चिकणमातीमुळे? हो. माती भाजली किंवा आम्लाने धुतली तर? गुण जातो. अदलाबदल किती वेगाने होते? जवळजवळ लगेच. आणि किती प्रमाणात? जेवढे तुल्यांक आत, तेवढेच बाहेर. एवढ्यावर न थांबता त्यांनी सोडियम सिलिकेट आणि तुरटी वगैरे वापरून प्रयोगशाळेत कृत्रिम ॲल्युमिनोसिलिकेट तयार केलं आणि तेही मातीसारखंच वागतं हे दाखवलं. अणूची रचना माहीत नाही, 'आयन' हा शब्द आजच्या अर्थाने अजून आलेला नाही, आणि हा माणूस आयन-विनिमय जवळजवळ पूर्ण सांगतो आहे. तेव्हाचे मोठे नाव लीबिग यांना मात्र हे पटलं नाही. कोळसा रंग शोषतो तसलाच हा भौतिक प्रकार, असं त्यांचं म्हणणं.

लीबिग चुकले. पण वे यांनीही एक चूक केली, आणि मला लीबिगच्या चुकीपेक्षा ही जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी लिहिलं की ही अदलाबदल उलट फिरत नाही. एकदा झाली की झाली.

वे बरोबर असते तर सॉफ्टनर हे यंत्रच शक्य नव्हतं. रेझिन एकदा कॅल्शियमने भरलं की फेकून द्यायचं, दर दोन-तीन दिवसांनी नवं. सॉफ्टनरची सगळी किंमत त्या मिठाच्या टाकीत आहे, म्हणजे उलट फिरण्यात आहे.

इतक्या काटेकोर माणसाला हे कसं दिसलं नाही? माझा अंदाज सांगते. त्यांचा प्रश्न शेतकऱ्याचा होता. खत टिकतं की वाहून जातं? 'टिकतं' हे उत्तर मिळालं आणि ते चांगलं उत्तर होतं. ते परत काढून घेण्यात कोणाला रस होता? शिवाय समतोलाची भाषा अजून रसायनशास्त्रात रुळली नव्हती. गुल्डबर्ग आणि वागे यांचा वस्तुमान-क्रियेचा नियम १८६४चा. कल्पना अगदीच नव्हती असं नाही. नेपोलियनबरोबर इजिप्तला गेलेल्या बर्थोले यांनी तिथल्या नॅट्रॉन तलावांकाठी पाहिलं होतं, की भरपूर मीठ आणि चुनखडी असली तर प्रयोगशाळेतली नेहमीची क्रिया उलटी होते आणि सोडा तयार होतो. परिमाण बदललं की दिशा बदलते, हे एका फ्रेंच माणसाला तलावाकाठी कळलं होतं. पण एका शाखेतलं ज्ञान दुसऱ्या शाखेत आपोआप पोचत नाही.

वे यांची चूक १८५८मध्ये जर्मनीत आयशहॉर्न यांनी दुरुस्त केली. त्यांनी माती बाजूला ठेवून झिओलाइटचे नैसर्गिक स्फटिक घेतले. चॅबझाइट घेतलं, त्यावर सोडियम आणि कॅल्शियमची द्रावणं आलटून पालटून वापरली आणि दाखवलं की अदलाबदल दोन्ही बाजूंनी होते. झिओलाइट हा शब्द स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी १७५६मध्ये दिला. दगड तापवला की त्यातून वाफ येऊन तो उकळल्यासारखा दिसतो म्हणून 'उकळणारा दगड'. आणि हे लांबचं प्रकरण समजू नका. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांमध्ये झिओलाइट भरपूर सापडतात. पुणे, नाशिक, जळगावकडच्या खाणींतले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत, आणि सिन्नरचं गारगोटी संग्रहालय तर याचसाठी प्रसिद्ध. लहानपणी सहलीत चमकणारा दगड खिशात टाकला असेल, तर कदाचित तुम्ही एक छोटा सॉफ्टनर घरी आणला होता!

पुढचं भराभर सांगते. बर्लिनमध्ये रॉबर्ट गान्स यांनी १९०५च्या सुमारास कृत्रिम सोडियम ॲल्युमिनोसिलिकेट खास पाण्यासाठी वापरलं. व्यापारी नाव 'पर्म्युटिट', लॅटिनमधल्या 'अदलाबदल करणे' या क्रियापदावरून. अमेरिकेत न्यू जर्सीची हिरवी वाळू, म्हणजे ग्लॉकोनाइट, याच कामाला आली. या सगळ्यांची क्षमता कमी, आणि आम्ल लागलं की विरघळणार. १९३५मध्ये इंग्लंडच्या टेडिंग्टनमध्ये ॲडम्स आणि होम्स यांनी फिनॉल-फॉर्माल्डिहाइडची रेझिन आयन बदलतात हे दाखवलं. १९४०च्या दशकात अमेरिकेत डालेलिओ यांनी स्टायरीन आणि डायव्हिनाइलबेन्झीनचे सल्फोनेटेड मणी केले. आज तुमच्या टाकीत असलेले ते मधाच्या रंगाचे, मोहरीहून लहान दाणे त्यांचेच वंशज.

आता परत सोलापूर. फोन ठेवल्यावर मला दोन दिवस चैन पडलं नाही. वे यांच्यावर टिपणं काढत बसलेली मी, आणि घरच्या रेझिनला न बघता 'उलट फिरत नाही' म्हणून मोकळी झाले होते. सुट्टीत घरी गेले. इनलेट बंद केला, नळ उघडून दाब सोडला, वरचा व्हॉल्व्ह काढला आणि दोन चमचे रेझिन बाटलीत भरून आणलं, सोबत बोअरच्या पाण्याचा कॅन.

लॅबमध्ये ब्युरेटमध्ये कापूस, त्यावर दहा मिलिलीटर रेझिन. यॉर्कच्या काचेच्या नळीची ही गरीब नात. वरून दहा टक्के मिठाचं पाणी सावकाश सोडलं, डिस्टिल्ड वॉटरने धुतलं, मग बोअरचं पाणी. खाली आलेल्या पाण्यात पीएच १०चं बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी टाकलं. बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल आठवा, कठीण पाण्यात रंग वाइन-लाल येतो आणि ईडीटीए घालत गेलं की निळा होतो. इथे एक थेंब ईडीटीए न घालताच निळा. रेझिन ठणठणीत जिवंत होतं.

मग दोष मिठात. घरी जाऊन मिठाच्या टाकीतलं पाणी काढलं आणि एक लिटर मापून वजन केलं. संपृक्त मिठाचं पाणी लिटरला साधारण १.२ किलो भरतं. आमचं भरलं १.०२, म्हणजे जेमतेम तीन टक्के. वरून बघितलं तर टाकी खड्यांनी भरलेली. लाकडी काठी आत खुपसली तर वीतभर खाली कडक पापुद्रा लागला, आणि तो फुटल्यावर काठी भसकन आत गेली. वर मिठाची गच्ची, खाली पोकळी आणि त्यात जवळपास गोडं पाणी. याला मिठाचा पूल म्हणतात. दमट हवेत खडे चिकटतात, आणि टाकी नेहमी काठोकाठ भरून ठेवली की हमखास होतं. तळाशी मीठवाल्याकडच्या मातीचा बोटभर गाळही होता, इंजेक्टरची जाळी त्याने अर्धी बुजलेली.

पण पातळ मिठाने एवढं का बिघडावं? इथे तुमचं समतोलाचं गणित कामाला येतं. एका कॅल्शियमच्या जागी दोन सोडियम बसतात, म्हणून समीकरणात सोडियमचं प्रमाण वर्गात येतं. इंजेक्टर संपृक्त पाणी पातळ करून रेझिनला साधारण दहा टक्क्यांचं देतो. आमच्याकडे तीनचं पातळ होऊन एक टक्क्याचं जात होतं. सोडियम दहापट कमी, तर समतोलाला प्रत्येक लिटरमध्ये निघणारं कॅल्शियम कागदावर शंभरपट कमी. नेहमीच्या पातळ पाण्यात रेझिनला कॅल्शियम प्रिय, दाट मिठात तीच आवड उलटते. सगळी गोम दाटपणात आहे. वे यांनी ज्या परिमाणांत पाहिलं तिथे त्यांना उलटी दिशा दिसली नाही, यात आता मला फारसं नवल वाटत नाही.

दुरुस्ती म्हणाल तर टाकी रिकामी केली, गाळ धुतला, इंजेक्टरची जाळी जुन्या टूथब्रशने घासली (तारेने नको, भोक मोठं होतं). स्वच्छ खडे मीठ टाकीच्या निम्म्यापर्यंतच भरलं. आधी बॅकवॉश, मग ब्राइन सावकाश अर्धा तास, मग रिन्स. मिठाचा हिशोब स्वतः करून बघा. आमच्याकडे २५ लिटर रेझिन. लिटरमागे ५० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटएवढी कामाची क्षमता धरली तर एकूण १२५० ग्रॅम, म्हणजे २५ तुल्यांक. त्यासाठी पुस्तकी मीठ २५ गुणिले ५८.५, दीड किलोच्या आत. प्रत्यक्षात अडीच ते पावणेचार किलो लागतं, कारण क्रिया एकतर्फी नाही आणि तिला जादा मिठाने रेटावं लागतं. तो जादाचा खर्च म्हणजे उलट फिरण्याचं भाडं. पाण्याची कठीणता लिटरला ५०० मिलिग्रॅम असेल तर एका खेपेत अडीच हजार लिटर मिळतात. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात २०० ही स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० ही कमाल मर्यादा आहे. आमचं बोअर वरच्या टोकाच्या जवळ.

दुसऱ्या दिवशी आईने बाटलीत पाणी आणि साबणाचा कीस घालून हलवलं. बाटली फेसाने भरली. टॉमस क्लार्क यांनी १८४०च्या दशकात कठीणता मोजायला साबणाचीच चाचणी वापरली होती, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग तुझ्या त्या निळ्या रंगाची काय गरज होती?"

एक काम मात्र राहून गेलं होतं. बाबा रिन्सचं वाया जाणारं पाणी पाईप लावून परसात सोडत होते आणि सॉफ्टनरचं गोड पाणी झाडांना घालत होते. कढीपत्ता पिवळा पडला होता आणि त्याच्याभोवतीची माती ओली असताना चिकट, वाळली की सिमेंट. सांगली-कोल्हापूरकडचे शेतकरी हिला लगेच ओळखतील, ही चोपण जमीन. दर १०० मिलिग्रॅम कठीणता काढताना पाण्यात ४६ मिलिग्रॅम सोडियम येतं, आणि चिकणमाती ते स्वतःकडचं कॅल्शियम सोडून धरून ठेवते. उपायही तोच, जो शेतकरी करतात: जिप्सम. स्पेन्सच्या नळीतून जे बाहेर पडलं होतं, तेच मातीत परत घालायचं. दोन किलो जिप्सम आणून मिसळलं, रिन्सचा पाईप गटारात वळवला आणि सॉफ्टनरच्या आधी, थेट बोअरच्या लाइनवर एक वेगळा नळ काढला. कढीपत्त्याला आता जड पाणीच मिळतं.