आभाळाविना विजापूर

दुधनीहून दक्षिणेला निघालं की विजापूरचा मुलूख लागतो. तिथे सरकारी हुकमाने कॅमेरा आला १८५५ साली. अमेरिकेत क्लॅरन्स किंगच्या सर्वेक्षण मोहिमेबरोबर छायाचित्रकार टिमथी ओ'सलिव्हन पश्चिमेची वाळवंटं टिपायला निघाला १८६७मध्ये. म्हणजे आपल्याकडचा दप्तरी फोटो त्याच्याहून बारा वर्षांनी थोरला.

जुन्या वास्तूंची चित्रं चित्रकारांकडून काढून घेण्यापेक्षा फोटो स्वस्त पडतील, असा ईस्ट इंडिया कंपनीचा हिशेब होता. मुंबई तोफखान्यातला कॅप्टन थॉमस बिग्ज या कामावर नेमला गेला. विजापूर, बदामी, ऐहोळे त्याने टिपलं. वर्षअखेरीस त्याला पलटणीत परत बोलावलं आणि काम डॉ. विल्यम पिगूकडे गेलं.

बिग्जने काच नव्हे, कागद वापरला. ओ'सलिव्हनच्या पद्धतीत काचेवर कलोडियन नावाचं रसायन ओतून, ती ओली असतानाच फोटो घेऊन तिथल्या तिथे धुवावा लागे. आपल्याकडच्या उन्हात ती काच बघता बघता सुकली असती. चांदीचे क्षार लावलेल्या कागदाची तयारी आधी करून ठेवता येई. मात्र धाग्यांमुळे रेषा मऊ येत, आणि उजेड बराच वेळ द्यावा लागे. चालती माणसं, बैलगाड्या उमटतच नसत. त्या फोटोंतला बराचसा शुकशुकाट रसायनाने केलेला आहे. हीच रसायनं निळ्या रंगाला फार लवकर काळवंडत, म्हणून छापलेलं आभाळ कोरं पांढरं. मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या मुलखाच्या चित्रात ढग नसावा, याची मला फार हळहळ वाटते.

१८६६मध्ये बिग्जचे फोटो लंडनला ग्रंथरूपाने निघाले. मजकूर लिहिणाऱ्या दोघांपैकी एक मेडोज टेलर, नळदुर्गला कारभार पाहिलेला, ही माती ओळखणारा माणूस. पण ग्रंथाला घुमट आणि मशिदी हव्या होत्या. उलट अमेरिकेच्या पश्चिमेत सरकारला जमीनच नवी होती. विल्यम जॅक्सनने १८७१मध्ये टिपलेलं यलोस्टोन तिथल्या काँग्रेसपुढे गेलं आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय उद्यान झालं. मुंबई इलाख्यात मात्र गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३०च्या दशकात इंदापूरपासून साखळी धरून शेतं मोजायला, मातीची प्रतवारी लावायला सुरुवात केली होती. साऱ्यापुरती जमीन सरकारला कळली होती. तिच्यासाठी कॅमेरा कोण पाठवणार? ज्वारीचं रान त्या फोटोंत शोधायचं तर इमारतीच्या कडेला, चौकटीत चुकून आलेल्या पट्टीत शोधावं लागतं.