हेड उतरवलंच आहे तर...

जुन्या गाड्यांच्या मालकांना हे वाक्य पाठ असेल. गाडी गरम होत असते, रेडिएटरमधलं पाणी रोज कमी होतं आणि खाली मात्र थेंबही सापडत नाही. ऑइलची पट्टी काढून पाहावी तर ऑइल दुधाच्या चहासारखं! मिस्त्री सांगतो, "हेड गॅस्केट गेलं." आणि हेड उतरलं की हळूच विचारतो, "खोललंच आहे, तर व्हॉल्व्हपण करून घ्यायचे का?"

हा प्रश्न ऐकला की ग्राहकाला वाटतं, आता बिल वाढणार. मला मात्र या एका प्रश्नात आपल्याकडच्या मोटारींचा सगळा इतिहास दिसतो. कसा, ते सांगतो.

आधी थोडं यंत्राबद्दल. इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक आणि वरचं झाकण म्हणजे हेड. गॅस्केट या दोघांच्या मधे दाबून बसवलेलं असतं. एकाच वेळी जळता वायू, पाणी आणि ऑइल यांना आपापल्या वाटेत ठेवणं हे त्याचं काम. आमच्या घरातल्या ज्या मंडळींनी फियाटला धक्के मारलेत त्यांच्यासाठी सांगतो, तिचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं होतं. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणजे गाडी एकदा जरी खूप तापली, तरी हेड वाकायची भीती. वाकलेल्या हेडखाली नवं गॅस्केट घातलं तर तेही जाणारच. थोडक्यात, गॅस्केट बहुतेक वेळा गुन्हेगार नसतं, बळी असतं. गुन्हेगार दुसरीकडे असतो.. चोंदलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट, झिजलेला पाण्याचा पंप.

आता इतिहासाकडे वळू. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० बाहेर पडू लागली. तिचं इंजिन १०८९ सीसीचं. तीच गाडी १९७० च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झाली. परमिट-लायसन्सचे दिवस होते ते. बाहेरून गाडी आणणं जवळपास अशक्य आणि नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. त्यामुळे दारातली गाडी टिकवणं याला पर्यायच नव्हता.

तेव्हा सुटा भाग महाग आणि माणसाचा हात स्वस्त होता. म्हणून झिजलेला भाग फेकत नसत, सावरून घेत. हेड लेथवाल्याकडे फेसिंगला जायचं. व्हॉल्व्हला पेस्ट लावून, काठी हातात फिरवत फिरवत ते सीटवर बसेपर्यंत घासायचे. सिलिंडर झिजले तर बोअर वाढवून मोठ्या मापाचे पिस्टन टाकायचे, आणि तेही पुन्हा झिजले की स्लीव्ह बसवायची. "खोललंच आहे तर" याचा तेव्हाचा अर्थ होता, जे आहे ते अजून थोडं चालवू या.

मग डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. हळूहळू दुकानात खोक्यातले तयार पार्टस मिळू लागले आणि मिस्त्रीचा वेळ महाग होत गेला. घासण्यापेक्षा बदलणं परवडू लागलं. वाक्य तेच राहिलं, पण त्याचा अर्थ झाला, आता सगळं नवंच टाकून घ्या.

या दोन्हीच्या कात्रीत सापडले ते मुंबईचे टॅक्सीवाले. गाडी एकाची, चालवणारा दुसरा आणि रोजचं भाडं ठरलेलं, अशा बऱ्याच टॅक्स्या असत. पार्टसचा खर्च मालकाचा, पण गाडी उभी राहिली की रोजगार बुडणार चालकाचा. मालकाला वाटायचं, फक्त गॅस्केट बदला. चालकाला वाटायचं, एकदाच काय ते नीट करा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा घरी बसावं लागेल. २००० नंतर टॅक्स्या सीएनजीवर गेल्या तेव्हा हा वाद वाढलाच असणार, कारण या कोरड्या इंधनावर जुन्या इंजिनांचे व्हॉल्व्ह आणि सीट लवकर झिजतात.

मग खरं उत्तर काय? चांगल्या मिस्त्र्यांचा हिशेब मला पटतो. ज्या भागापर्यंत पोचायला हेड पुन्हा उतरवावं लागेल तो आत्ताच तपासायचा, म्हणजे व्हॉल्व्ह, त्यांचे गाइड आणि सील. हेडवर पट्टी ठेवून, खाली फीलर गेज सरकवून ते सपाट आहे का पाहायचं. गॅस्केट ज्याच्यामुळे गेलं तो भाग तर बदलायचाच, तो बाहेरून हाताशी येत असला तरी. बाकीचं पुढच्या पगाराला!

आणि एक सावधगिरी. सिलिंडरच्या वरच्या कडेखाली नख फिरवायचं. तिथे ठळक पायरी लागली तर रिंगा ज्या भागात फिरतात तो झिजलाय. अशा इंजिनाला नुसते नवे व्हॉल्व्ह घातले की वरचा दाब सुधारतो आणि थकलेल्या रिंगांना तो झेपत नाही. गाडी ऑइल प्यायला लागते. मग मालक म्हणतो, तुम्हीच बिघडवली. खरं तर बिघाड आधीच होता, दुरुस्तीनं तो उघडा पाडला एवढंच.

शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ ची होती. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली. घासून व्हॉल्व्ह बसवणारे हातही कमी झाले. पण काय बदलायचं आणि काय राहू द्यायचं हे मोजून ठरवायची त्यांची सवय मात्र जपण्यासारखी आहे. भीतीपोटी सगळं बदलणारा आणि कंजुषीपोटी काहीच न बदलणारा, दोघेही मोजायचं टाळतात, नाही का?

असो. तुमच्या घरच्या जुन्या गाडीचं काय झालं होतं, जरूर कळवा.